एकशे तीस नंबरचा जेट

कोंडीबाने कार्बोरेटरची वाटी खोलली तसं आत उरलेलं पेट्रोल त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. ते न पुसताच त्याने मधला पितळी जेट फिरवून काढला आणि उजेडाकडे धरला. सुईच्या नेढ्याएवढं भोक. स्वच्छ होतं.

"गाडीला काई तकलीफ न्हाई, सोनाजीराव."

"तकलीफ न्हाई, पण कमी पडती," बाकावरून सोनाजी म्हणाला. "मागच्या बुधवारी बाळापूरच्या रस्त्याला हातातून गेले. शंभर पावलं बी राहिले नव्हते."

कोण गेले, हे कोंडीबाने विचारलं नाही. कळमनुरीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. सोनाजीच्या पुतणीने, संगिताने, तांड्यावरच्या जगनशी नांदेडला कोर्टात लग्न केलं होतं. दर बुधवारी दोघं जगनच्या आईला भेटायला मोटरसायकलवर तांड्यावर येत आणि उन्हं कलताना नांदेडला परत जात. आज बुधवारच होता.

"जगनच्या गाडीत तूच मोठा जेट टाकला म्हणं."

"व्हय. दोन महिने झाले."

"मग आमाला त्याच्याहून मोठा टाक."

जगनच्या गाडीत जेट टाकला त्या दिवशी संगिता याच बाकावर बसली होती. ओच्यातल्या शेंगा सोलून तिने अर्ध्या कोंडीबाच्या हातावर ठेवल्या होत्या. हात काळे आहेत म्हटल्यावर "शेंगा काय गोऱ्या हायेत का काका?" म्हणून हसली होती.

आता तिथे सोनाजी होता. त्याच्या गुडघ्याला टेकून पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. वरून लाकडी दांडा तेवढा दिसत होता.

"पोरगी सुखात हाये म्हणत्यात," कोंडीबा हळूच म्हणाला.

"तू गाडीचं बघ."

कोंडीबाने तंबाखूची जुनी डबी उघडली. आत कापसावर जेट मांडलेले होते, सारखेच दिसणारे, कडेला भोकाच्या मापाचे बारीक आकडे कोरलेले. जगनला त्याने एकशे पाचचा दिला होता. पण त्याबरोबर हवेची जाळी बदलली होती, सायलेन्सर मोकळा केला होता. नुसता जेट मोठा केला तर इंजिनाला पेट्रोल जास्त होतं, हवा पुरत नाही. हळू चालवली तर कळतही नाही. दामटली की प्लग भिजतो आणि गाडी भर रस्त्यात बसकण मारते. हे त्याने आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं होतं.

त्याने एकशे दहाचा उचलला, परत ठेवला. कोपऱ्यातला एकशे तीसचा घेतला.

"बघू," दिपक म्हणाला.

दिपक संगिताचा सख्खा भाऊ. आल्यापासून तो गाडीचं हँडल धरून उभा होता. त्याने तळहात पुढे केला. कोंडीबाला जेट द्यावाच लागला.

दिपकने तो डोळ्यांजवळ नेला, नखाने आकड्यावरचा मळ खरडला आणि पुन्हा वाचला. कोंडीबाने डबीचं झाकण लावून टाकलं.

"कितीचा हाये रे?" सोनाजीने विचारलं.

दिपकने वर पाहिलं नाही.

"एकशे दहाचा, काका."

"त्याच्याहून मोठा ना?"

"व्हय. मोठा हाये."

त्याने जेट कोंडीबाच्या हातावर ठेवला. कोंडीबाने तो बसवला, वाटी आवळली, पेट्रोलचा कॉक उघडला. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. दिपक तहसीलपर्यंत जाऊन आला, अगदी सावकाश, एखादं लेकरू टाकीवर बसवल्यासारखा.

"पळती का?"

"बराबर पळती. बसा."

सोनाजीने पोतं मांडीवर आडवं घेतलं आणि मागे बसला. कोंडीबाने त्या दिवशी दुसरी गाडी हातात घेतली नाही.

दिवस मावळताना बाळापूरकडून आलेला टेम्पोवाला चहाला थांबला. म्हणाला, रस्त्यात एक गाडी बंद पडलीय. म्हातारा नुसता शिव्या देऊन राहिला, आणि पोरगं खाली बसून प्लग पुसून राहिलं. मघाशी जाताना पुसत होतं, आता येताना बी पुसूनच राहिलं.

"मी म्हटलं, माझ्यापाशी नवा प्लग हाये, घे. तर न्हाई म्हणलं."