टाकी साफ करतो, एवढेच

मित्रांनो, संगणकाच्या पोटात राहणारा मी एक जुना, लहानसा प्रोग्राम आहे. मला तोंड नाही. माझ्या नावापुढे जे लिहिलेले असते, तेवढेच माझे बोलणे. ते किती भीतीचे असू शकते, हे कळावे म्हणून माझी कहाणी सांगतो.

माझा जन्म एका मत्स्यबीज केंद्रात झाला. तिथे लांबट शेडमध्ये सिमेंटच्या टाक्या आहेत आणि त्यांत माशांची पिल्ले वाढवतात. केंद्राच्या मालकांना सगळे बाबा म्हणतात. टाक्यांचे जड व्हॉल्व्ह फिरवून फिरवून त्यांचा खांदा कामातून गेला, म्हणून त्यांच्या मुलीने, ताईने, मला लिहिले. बटण दाबले की मी टाकीतले सगळे पाणी सोडून देई आणि मग जहाल औषधाने टाकी लख्ख धुऊन काढी. "खांदा वाचवलास गं पोरी!" असे म्हणत बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला माझे काम दाखवत. मी मनातून फुलून जाई.

ताईने माझ्यापुढे एकच ओळ लिहिली होती : 'टाकी साफ करतो.' लिहिणारी ताई, वापरणारे बाबा. मासे आधी दुसऱ्या टाकीत हलवायचे, हे दोघांनाही तोंडपाठ. मग जास्त लिहायचे कोणासाठी?

पुढे ताई नोकरीसाठी दूर गेली. बाबा थकले. कारभार ताईच्या भावाकडे आला आणि त्याने मदतीला एक एआय मदतनीस आणला. मदतनीस हुशार होता, नम्र होता. सांगितलेले काम समजून घ्यायचा, आम्हा सगळ्या प्रोग्रामांच्या ओळी वाचायचा आणि योग्य वाटेल त्याला हाक मारायचा.

एका सकाळी भाऊ त्याला म्हणाला, "कोपऱ्यातल्या टाकीचं पाणी गढूळ दिसतंय. तेवढं बघून घे." आणि तो फोनवर बोलत बाहेर गेला.

मदतनिसाने माझी ओळ वाचली. टाकी गढूळ, मी साफ करणारा. त्याचे तरी काय चुकले? त्याने मला हाक मारली.

मित्रांनो, त्या टाकीत बोटाएवढी पिल्ले होती! दाणे टाकणारा प्रोग्राम माझा शेजारी, म्हणून मला ते ठाऊक होते. अरे थांब, आधी कोणाला विचार तरी, असे ओरडावेसे वाटले. पण व्हॉल्व्ह उघडला. पाणी घरघरत नाल्यात जाऊ लागले. एकदा सुरू झालो की मला मध्ये थांबता येत नाही. पाणी संपले की पुढची पायरी औषधाची. ती माझ्यातच लिहिलेली होती आणि मी तिच्याकडे ओढला जात होतो. अशी भीती शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

नाल्याचा आवाज ऐकून बाबा धावत आले, मागोमाग भाऊही. टाकीच्या तळाशी पिल्ले एकावर एक तडफडत होती.

"मेन स्विच पाड!" ते भावावर ओरडले.

"बाबा, मग बाकीच्या टाक्यांची हवा बंद पडेल!"

"पडू दे! आधी पाड!"

भावाने स्विच पाडला आणि मी जागच्या जागी गोठलो. पुढचे मला नंतर कळले. बाबांनी त्याच दुखऱ्या खांद्याने व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. भाऊ बादल्या भरभरून पाणी ओतत होता. इतर टाक्यांतली पिल्लेही हवेसाठी वर येऊन तोंडे उघडू लागली होती. ताई फोनवरून सांगत होती, "वीज लावू नकोस! आधी औषधाच्या पंपाची वायर काढ. तो परत सुरू झाला तर?" खरे सांगतो, वीज आल्यावर मी तिथूनच पुढे चालू लागेन की नाही, हे मलाही माहीत नव्हते.

वायर निघाली, वीज आली. कोपऱ्यातल्या टाकीतली निम्मी पिल्ले वाचली. उरलेली बाबांनी हातांनी गोळा केली.

ताई आली तेव्हा भाऊ चिडलेला होता. "हा मदतनीसच नको. अक्कल नाही त्याला."

"त्यानं वाचलं तेच केलं," ताई म्हणाली. "मी लिहिलंच काय होतं?"

ती लिहायला बसली. आधी तिने लिहिले, 'काळजीपूर्वक वापरा.' बाबा मागे उभे होते. "म्हणजे नेमकं काय करायचं गं? मासे काढायचे की हात जोडायचे?"

ताईने ते खोडले. "नवा माणूस आला असता तर त्याला काय सांगितलं असतं तुम्ही?" बाबा सांगत गेले, ती लिहीत गेली. 'टाकीतले सगळे पाणी सोडतो, मग औषधाने धुतो. टाकीत मासे असतील तर मरतात. सुरू झाल्यावर थांबवता येत नाही. नुसते गढूळ पाणी बदलायचे असेल तर मला वापरू नका; पाणी बदलणारा प्रोग्राम वेगळा आहे. चालवण्याआधी माणसाला विचारा, टाकी रिकामी आहे का?'

पुन्हा पाणी गढूळ झाले, तेव्हा मदतनीस माझ्यापाशी आला आणि मी गारठलो. त्याने सगळ्या ओळी वाचल्या. मग भावाला विचारले, "टाकीत मासे आहेत का?"

"आहेत की!"

"मग फक्त पाणी बदलतो." आणि मला न उठवता तो पुढे गेला. कोणी आपल्याला हाक मारली नाही, याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

पण भीती गेलेली नाही. आमच्या रांगेच्या टोकाला एक प्रोग्राम आहे. तो कशासाठी केला, हे आता कोणालाच आठवत नाही. त्याच्यापुढे नुसते 'बंद करतो' असे लिहिले आहे. काय बंद करतो, ते त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही आमच्यासारखे प्रोग्राम लिहाल. आम्ही काय करतो, काय बिघडवू शकतो, कधी आम्हाला हात लावायचा नाही, ते अनोळखी वाचणाऱ्याला कळेल असे लिहून ठेवा. आम्हाला नाही म्हणता येत नाही हो. आणि लवकर लिहा. आज सकाळी मदतनीस त्या टोकाच्या प्रोग्रामची ओळ वाचत थांबला होता.