घरसभेची पाळी

या गुरुवारची घरसभा आपल्याकडे आहे, हे प्रेमला विसरली नव्हती. तिला ती फक्त नको होती. पण चर्चच्या मंडळीत पाळी म्हणजे पाळी. घरात लग्न असो की मयत, यादी कुणासाठी थांबत नाही.

चार महिन्यांपूर्वी खराडीला कामावर जाताना पाण्याच्या टँकरने तिच्या मुलाला, सौरभला उडवलं. एकोणीस दिवस आयसीयूत काढून विसाव्या दिवशी तो गेला. सव्वीस वर्षांचा होता. त्या एकोणीस दिवसांत सगळ्या मंडळीने उपास केले, प्रार्थना केल्या. तो गेल्यापासून प्रेमला दर रविवारी देवळात जायची, सगळे उठले की उठायची, बसले की बसायची. प्रार्थना मात्र बंद. तिने देवाशी अबोला धरला होता.

आणि आज सुटका नव्हती. घरसभेत शेवटी साखळी प्रार्थना असते. गोल बसून एकेकाने देवाशी बोलायचं. बोलून झालं, किंवा बोलायचंच नसलं, की शेजारच्याच्या हाताला हात लावून पाळी पुढे सरकवायची. घरच्या बाईने शेवट करायचा आणि शेवटच्याला पाळी सरकवायला शेजारी नसतो.

“अहो, शेवट तुम्ही करा,” तिने दुपारीच नवऱ्याला सांगून पाहिलं.

“बघू,” आनंद म्हणाला. तीस वर्षांच्या संसारात त्या ‘बघू’तून काही निघालं नव्हतं.

साडेसहाला नऊ माणसं तीन जिने चढून धापा टाकत आली. वडगाव शेरीच्या ट्रॅफिकवर बोलली, बंद लिफ्टवर त्याहून जास्त बोलली. सौरभचं नाव कुणी काढलं नाही. चार महिने कुणीच काढत नव्हतं. “कशा आहात?” विचारायचं आणि उत्तर यायच्या आत पंख्याकडे बघायचं, अशी रीतच पडली होती.

पाळकांनी बायबलमधलं वचन वाचलं. गाणं झालं. साखळी सुरू झाली. कुणाचा गुडघा, कुणाच्या नातवाची परीक्षा. प्रेमला डोळे मिटून दमल्यासारखी बसली होती. आपण नुसतं ‘आमेन’ म्हणायचं आणि चहा टाकायला उठायचं, असं तिने ठरवलं होतं.

तिच्याआधी वेणूबाई होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या, अलीकडे बऱ्याच विसरभोळ्या झालेल्या.

“हे प्रभू,” वेणूबाई म्हणाल्या, “आपल्या सौरभच्या डोक्याची सूज उतरू दे. रोज सांगते तुला, कंटाळू नकोस. त्या नळ्या लवकर निघू देत. आणि प्रेमलाला दोन तास झोप दे. खुर्चीत बसून रात्र काढते ती.”

पाळक खाकरले. डोळे मिटूनच सगळे जणू एकमेकांकडे बघू लागले.

प्रेमलाच्या अंगाचा तिळपापड झाला. या बाईला कुणी सांगायला नको? मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं. विसाव्या दिवशी सगळ्यांनी मागणं थांबवलं होतं. म्हातारी मात्र चार महिने रोज मागत होती, सौरभसाठी आणि तिच्या झोपेसाठीसुद्धा.

वेणूबाईंचा हात तिच्या हाताला लागला.

“प्रभू,” प्रेमला म्हणाली. “वेणूबाईंनी मागितलं ते तू दिलं नाहीस. मला तुझा फार राग आलाय. इतक्यात जायचा नाही तो. पण सौरभ तुझ्याकडे आहे. हाक मारल्याशिवाय उठत नाही तो सकाळी. तेवढं बघ. आमेन.”

सगळ्यांनी डोळे उघडले. आनंदचे वाहत होते.

“काय गं प्रेमला,” वेणूबाई म्हणाल्या, “कधी सोडणार म्हणाले डॉक्टर?”

“वेणूबाई, अहो...” पाळक पुढे सरसावले. प्रेमलाने त्यांना हाताने थांबवलं आणि म्हातारीकडे वळली.

“नाही सोडणार. सौरभ गेला, वेणूबाई. प्रभूकडे गेला. आता तो यायचा नाही, आपणच जायचं त्याच्याकडे.”

वेणूबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांनी पदराने डोळे पुसले.

“मग मीच आधी जाणार,” त्या म्हणाल्या. “काही निरोप आहे का गं?”

एरवी कुणीतरी हसलं असतं. प्रेमला मात्र खरंच विचार करत होती. निरोप पोचणार नाही असं वाटत असतं, तर तिने विचार केलाच नसता.

“म्हणावं, आईला जरा वेळ लागेल,” ती म्हणाली. “पण येतेय.”