दोरीत न बसलेला माणूस

अण्णांनी स्टूल न घेता, नुसता हात वर करून माळ्यावरची पेटी काढली, तो आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस. "अहो, पाठ धरेल!" आई ओरडली. "हात काय खिशात घालायला दिलेत?" माझे वडील हसले. संध्याकाळी आई आम्हाला दोरेमहाराजांच्या सभेला घेऊन गेली.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्याआड डोळ्यांना पट्टी बांधलेले महाराज. बाहेर शिष्य एकेकाच्या कोपरापासून मनगटापर्यंत दोरी धरायचा, गाठ मारून आत सरकवायचा. महाराज ती चाचपून गरजायचे, "पाच फूट पाच!" माणूस भिंतीवरच्या मोजपट्टीशी उभा राहायचा. पाच फूट पाच! टाळ्या.

"न बघता हो!" आई थक्क.

अण्णांची दोरी आत गेली. "पाच फूट अकरा!" अण्णा भरले पाच फूट सहा. मला वाटलं, झाली फजिती. पण महाराज कळवळले, "दोरी खोटं बोलत नाही, बाळा. तुझं पाच इंच आयुष्य गळून गेलंय. औषधांनी गळती वाढते."

शिष्याने औषधं टाकायला वाडगं पुढे केलं. मी अण्णांचा हात धरला. तो सोडवत ते हळूच म्हणाले, "अगं, सगळ्यांचं जुळलं. माझंच जुळलं नाही." खिशातल्या रोजच्या हृदयाच्या गोळ्या वाडग्यात पडल्या. मी नव्या आणल्या, त्यांनी घेतल्या नाहीत.

महिन्याच्या आत ते गेले. वेळ भरली होती, असं शेजारी म्हणाले. मग आईही तेच म्हणू लागली.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. वर्गातल्या सगळ्यांचे हात आणि उंची मोजून आलेख काढला. ठिपक्यांचा लांबट ढग तिरका वर चढला. हात लांब तर उंचीही जास्त, पण बहुधा, नेहमी नाही. बहुतेक ठिपके मधल्या रेषेजवळ दाटलेले, थोडे दूर पडलेले. दूरच्यांना कसलाही आजार नव्हता.

पुढच्या सभेत मी उभी राहिले. "मलाही पट्टी बांधा."

"ताई, त्याला सिद्धी लागते," शिष्य म्हणाला.

"बांधा की! घाबरता कशाला?" मागून कुणीतरी ओरडलं.

मी बोटांच्या पेरांनी दोऱ्या मोजल्या आणि उंच्या सांगत गेले. बहुतेक जुळल्या.

"हिलाही सिद्धी आली!"

"सिद्धी कसली? हातावरून उंचीचा अंदाज बांधला. बहुतेक माणसं रेषेजवळच असतात, म्हणून जुळतो."

मग एका बसचालकाची दोरी आली. मी म्हटलं पाच फूट चार. तो निघाला पाच फूट नऊ. महाराज लगेच गरजले, "याच्या देहात विष फुगलंय!" वाडगं धावत आलं.

मी पट्टी काढली. "गळलं तरी वाडगं, फुगलं तरी वाडगं? अहो, अंदाज माझा होता. चुकले मी, हा माणूस नाही."

चालकाच्या मुठीत गोळ्यांची पट्टी होती. "मग मी काय करू, ताई?"

"गोळ्या घ्या. शंका आली तर डॉक्टरांना विचारा. चुकलेल्या अंदाजाचा दोष जो तुमच्याच माथी मारतो, त्याला विचारू नका."

पुढच्या रांगेत आई बसली होती. मी तिच्याकडे वळले.

"आई, अण्णांमध्ये कसलाच दोष नव्हता. त्यांची वेळही भरली नव्हती. या माणसाने त्यांना मारलं."