जावयाची पेटी

माझे यजमान रंगनाथ विहिरींना सुरुंग लावायचे. जिलेटिनच्या कांड्यांशी हा माणूस जेवढा हळुवार वागायचा, तेवढा माझ्याशी कधी वागला असेल तर शपथ! सत्त्याहत्तर साली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही चांदवडला माझ्या माहेरी गेलो. देवरामदादाची, माझ्या भावाची, विहीर खोल करायची होती. यांनी कांड्यांची पेटी शेताच्या टोकाला दगडी खोलीत, ओल्या पोत्याखाली ठेवली आणि कातळ लागेपर्यंत तिला कुणी हात लावू नका, असं बजावलं.

पण सासूला कोण बजावणार? जावयाचं सामान उंदरांत पडलंय, हे माझ्या आईला बघवेना. तिनं पेटी आणून घरामागच्या कांद्याच्या चाळीत ठेवली. वर तापलेला पत्रा, खाली सडायला लागलेला गरम कांदा. आठवडाभर पेटी तिथं शिजत होती.

कातळ लागला तेव्हा यांनी झाकण उघडलं आणि हात मागे घेतला. कांड्यांना तेलकट घाम फुटला होता. उष्णतेनं आतली दारू नासते, बाहेर झिरपते आणि मग नुसता धक्काही पुरतो, हे मला लग्नापासून पाठ होतं.

"दाजी, विहिरीतच उडवून टाकू की. वाया कशाला घालवायच्या?" दादा म्हणाला.

"आता या कांड्या भोकात ठासायच्या नाहीत. माळावर नेऊन जाळायच्या."

आई रडायलाच लागली. "मला काय ठावं, जावईबापू? चांगली जागा म्हनून ठेवली."

"तुम्ही मायेनंच ठेवलीत, आई. आता सगळ्यांना घेऊन नाल्यापलीकडे जा."

यांनी चपला काढल्या, पेटी उचलली आणि ढेकळांतून एकेक पाऊल टाकत निघाले. माळावर कडब्यावर कांड्या पसरल्या, लांबवर कडब्याची वाट घातली, तिचं टोक पेटवलं आणि मागे पळाले. सू सू करत पिवळा जाळ झाला, बस्स. आवाजच झाला नाही म्हणून दादाची पोरं हिरमुसली. मला मात्र इतका आनंद झाला की हसू आवरेना.

हे घाम पुसत आले ते थेट माझ्यावरच उखडले. "तुला नाल्यापलीकडे थांबायला सांगितलं होतं ना? बांधाशी काय करत होतीस?"

"नाल्यापलीकडून हाक ऐकू येत नाही."

"कुणाची हाक?"

"तुमची. काही झालं असतं आणि तुम्ही हाक मारली असती, तर?"

ते माझा हात धरून घराकडे निघाले, अगदी हळुवारपणे.