नाव नसलेलं बटण

हॉस्पिटलात त्याला सगळे ऑपरेटर म्हणत. एकोणतीस वर्षं टेलिफोनच्या खोलीत बसून सहाशे चाळीस नंबर त्याने पाठ केले होते, आणि कोणता डॉक्टर कधी जागेवर नसतो हे डीनच्या आधी त्याला कळत असे. डोळे जन्मापासूनच नव्हते. त्यांच्यावाचून त्याचं फारसं अडलंही नव्हतं. अडवायची ती माणसं. रस्ता ओलांडायचा नसताना दंड धरून पलीकडे नेऊन सोडणारी, आणि त्याच्यादेखत 'यांना साखर किती?' असं भलत्यालाच विचारणारी. त्याच्या नाकावर कायम राग असे आणि तो उतरवायला लोकांनी त्याला कधी सवडच दिली नाही.

छोट्या संदेशांचं ते नेटवर्क मात्र त्याला मनापासून आवडे. तीनशे अक्षरांत काय ते बोला आणि गप्प बसा, असा तिथला कायदा. 'थांबा, जोडतो' यापलीकडे लांब बोलायची त्याला सवयच नव्हती. फोनमध्ये एक बाई बसलेली होती. पडद्यावर जे असेल ते ती वाचून दाखवी आणि तो बोटाने सरकवत ऐके. तिला तो 'बया' म्हणे. कुठल्याशा एका माणसाने फावल्या वेळात बनवलेलं एक जुनं ॲप होतं, त्यात बया शहाण्यासारखी बोले. कोणी लिहिलं, काय लिहिलं, खाली बटण कसलं, सगळं नावानिशी.

तिथेच तीन महिन्यांपूर्वी ड्रायव्हरने त्याला लिहिलं. बस चालवायचा. अपघातात काच डोळ्यांत गेली आणि दोन्ही डोळे गेले. आता दिवसभर एका खोलीत बसून असे. नाव त्याने सांगितलं नाही, आणि फोन नंबर मागितला तेव्हा म्हणाला, घरातले दाराला कान लावून असतात, मला बोलायचं नाही. रोज सकाळी अकराला मात्र त्याचा संदेश यायचाच. 'आज चहा ओतला. निम्मा बशीत.' ऑपरेटर उत्तर द्यायचा, 'बोटाचं टोक कपाच्या काठाच्या आत ठेव. चटका बसला की थांब.' एकदा नुसतं एवढंच आलं होतं, 'आमची खिडकी चौथ्या मजल्यावर आहे.' त्या दिवशी ऑपरेटरने सहाशे चाळीस नंबर वाऱ्यावर सोडले आणि दोन तास त्याला बोलण्यात गुंतवून ठेवलं. डीनची बोलणी खाल्ली, पण दुसऱ्या दिवशी अकराला संदेश आला.

आणि अशात ते नेटवर्क चालवणाऱ्या कंपनीचं फर्मान निघालं. बाहेरच्यांनी बनवलेली बहुतेक ॲप रविवारनंतर बंद. जुनं ॲपही त्यातच.

मुलगी त्याच कंपनीत होती. तिला नोकरी लागली तेव्हा त्याने प्रत्येक वॉर्डात फोन फिरवून सांगितलं होतं. त्याने तिला विचारलं तर म्हणाली, "बाबा, आमचंच घ्या ना आता. नवीन फार छान झालंय."

आधी त्याने बाहेरची जी तीन ॲप उरणार होती ती घेऊन पाहिली. पहिलं प्रत्येक संदेशाच्या आधी तारीख, वार, वेळ आणि पसंतीचा आकडा म्हणून दाखवी. मूळ वाक्य येईपर्यंत माणसाला म्हातारपण यावं. दुसऱ्यात दर तिसरा संदेश गादीच्या जाहिरातीचा. तिसरं गुणी निघालं आणि दुसऱ्याच दिवशी तेही बंद होणार असल्याचं कळलं. त्याने कपाळावर हात मारला आणि बुधवारी कामावरच कंपनीचं ॲप फोनवर उतरवलं.

"बटण," बया म्हणाली. त्याने बोट सरकवलं. "बटण." पुन्हा सरकवलं. "बटण. चित्र. बटण." चांगली बोलकी बाई, पण इथे तिची वाचाच बसली होती. बटणांना नावंच दिलेली नव्हती, तर ती तरी काय वाचणार? अकराला ड्रायव्हरचा संदेश आला, 'आज जिना उतरलो. एकटा.' ऑपरेटरला इतका आनंद झाला की त्याला तिथल्या तिथे शाबासकी द्यायची होती. उत्तराचं बटण चाचपडत त्याने एक बटण दाबलं. बयेने विचारलं, "खात्री आहे?" कशाची, ते नाही. उत्तर द्यायची असेल, म्हणून त्याने 'हो' केलं. मग बया म्हणाली, "झालं." लिहायला जागा काही सापडली नाही. तेवढ्यात तिकडे दोन लाइन वाजायला लागल्या.

संध्याकाळी घरी जुन्या ॲपमधून लिहू गेला तर 'पाठवता आलं नाही.' गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. अकराला ड्रायव्हरचंही काही येईना. ॲप मरायला टेकलंय, दुसरं काय, असं तो स्वतःला बजावत राहिला. शनिवारी त्याला जेवण गेलं नाही. चौथा मजला डोक्यातून जाईना.

रविवारी दुपारी मुलगी आली, नेहमीसारखी. पानं वाढायच्या आधीच त्याने फोन तिच्या हातात दिला.

"याच्याकडून काही येत नाहीये. बघ."

तिने पाहिलं. तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"बाबा, तुम्ही त्याला ब्लॉक केलंय. बुधवारी."

"मी?"

"काय दाबलंत तुम्ही?"

"बटण."

"कोणतं?"

"तुझ्या त्या ॲपलाच विचार की. बया बटण म्हणाली. त्याच्या आधीचंही बटण आणि नंतरचंही बटण. मग खात्री आहे का म्हणाली, मी हो म्हणालो. मला वाटलं, शाबासकी द्यायची खात्री."

"त्याने लिहिलंय," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांना दिसेल असं. बुधवारीच."

"वाच."

"'जिना उतरलो सांगितलं, तर ऑपरेटरने दारच लावून घेतलं. हाही कंटाळला.'"

"पुढे?"

"पुढे काही नाही. त्यानंतर त्याने काहीच लिहिलेलं नाही."

ऑपरेटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आंधळा माणूस तीन महिन्यांनी जिना उतरतो, आणि ज्याच्या भरवशावर उतरला तोच त्याच्या तोंडावर दार आपटतो. आणि हे आपल्या हातून झालं. या बोटाने.

"नावं का नाहीत त्या बटणांना?" त्याने विचारलं.

"ते होतं यादीत. वर्षभर होतं."

"कोणाच्या यादीत?"

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

"माझ्या," ती म्हणाली. "दर वेळी दुसरं काहीतरी तातडीचं यायचं. असे वापरणारे थोडेच आहेत, असं मीटिंगमध्ये सगळ्यांचं म्हणणं पडलं."

"तुझं काय पडलं?"

"मी काही बोलले नाही."

"तिथे कोणाला माहीत आहे, तुझा बाप आंधळा आहे ते?"

यावर तिने उत्तर दिलं नाही, आणि ते त्याला पुरलं. सहाशे चाळीस नंबरांवर त्याने मुलीचं कौतुक सांगितलं होतं. तिने एकालाही बाप सांगितला नव्हता.

"लाज नव्हती वाटत बाबा, खरंच," ती रडवेली झाली. "म्हणाले असते, बापासाठी ओढतेय. नवीन होते मी. आणि तुमचं काय अडणार होतं? तुम्हाला मी आहे की. दर रविवारी येऊन सगळं वाचून दाखवते मी."

"आणि सोमवारी? सोमवारी अकराला त्याचा संदेश आला की तो रविवारपर्यंत खिडकीत बसून वाट बघेल?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला सोपं गेलं असतं. "मला कोणी वाचून दाखवायला नको होतं. लहानपणापासून बघतेस. तुला हे सांगावं लागतं, याचाच संताप होतोय मला. परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो."

तिने डोळे पुसले असावेत. नाक ओढल्याचं त्याला ऐकू आलं. त्याला दया आली नाही. यायला हवी होती, असंही वाटलं नाही.

"ते ब्लॉक काढ," तो म्हणाला. "तेवढं तुला दिसतंय."

तिने काढलं. मग फोन परत घेऊन, तिला पलीकडच्या खुर्चीवर बसायला सांगून, त्याने जुन्या ॲपमधून स्वतः लिहिलं. 'ड्रायव्हर, मी तुला घालवलं नाही. बटणाला नाव नव्हतं. उद्यापासून मी इथे नसेन. हॉस्पिटलच्या मुख्य नंबरावर फोन कर. आठ ते चार उचलणारा मीच.' खाली नंबर घातला. बया म्हणाली, "पाठवलं." पाचपर्यंत दोघंही न जेवता बसून राहिले. उत्तर आलं नाही.

"मी उद्या ऑफिसात सांगते," जाताना ती दारात म्हणाली.

"काय सांगशील?"

"बटणांचं."

ती थोडा वेळ उभी राहिली, मग चपला घालून जिना उतरून गेली.

सोमवारी जुनं ॲप उघडलंच नाही. त्याने फोन खिशात टाकला आणि हेडफोन चढवला. आठपासून चौकशी, तक्रारी, रक्तपेढी, कोणाचा तरी हरवलेला डबा. प्रत्येक लाइन तो पहिल्या घंटेला उचलत होता. अकरा वाजले, बारा वाजले. जेवणाच्या सुट्टीत खुर्चीवरून हलला नाही. बदली बसायला आलेल्या बाईवर विनाकारण खेकसला आणि तिला परत पाठवलं.

पावणेतीनला एक लाइन उचलली तर पलीकडे नुसता श्वास होता.

"बोला. कोणता विभाग?"

"ऑपरेटर का?" आवाज घोगरा, बरेच दिवस न वापरलेला.

हा आवाज त्याने कधीच ऐकला नव्हता. तरी ओळखला.

"मीच," तो म्हणाला. "बोल."

"चार दिवस तुला शिव्या घातल्या मी. मोठ्यांदा. घरातल्या सगळ्यांनी ऐकल्या."

"अजून घाल. मी लाइन धरून आहे."

पलीकडच्याचा राग परत वर आला. ऑपरेटरला तो श्वासातच ऐकू आला. "बटणाला नाव नव्हतं म्हणतोस. मी जिना उतरलो आणि चार दिवस मेल्यासारखा पडून राहिलो, एका बटणापायी? कोणत्या गाढवाने केलंय ते?"

कंपनीने, म्हटलं असतं तर सुटला असता. खोटंही नव्हतं ते.

"माझ्या मुलीने," ऑपरेटर म्हणाला.

पलीकडच्याने फोन ठेवला नाही. बाकीच्या पाच लाइन वाजत होत्या. त्याने त्यातली एकही उचलली नाही.