पाहुण्यांच्या खोलीतली खुर्ची

उज्जैनमध्ये घर असलं की नातेवाईक जोडावे लागत नाहीत. महाकालाचं बोलावणं आलं की साडूच्या मावसभावालाही आपला पत्ता तोंडपाठ होतो. उषाच्या पाहुण्यांच्या खोलीत असे कितीतरी जण उतरले, दर्शन करून आले, जेवले, गेले, आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात काही ना काही ठेवून गेले. शिप्रेच्या पाण्याचा कॅन, दांडा मोडलेली छत्री, जोडीदार हरवलेले मोजे. "पुढच्या खेपेला नेऊ," असं सगळेच म्हणत. नेलं कुणीच नाही.

यंदा नणंद अपर्णा नाशिकहून माहेरपणाला यायची होती, म्हणून उषाने पदर खोचला. उषाचे यजमान श्रीधर बँकेतून निवृत्त झाल्यापासून सल्ले देण्याची नोकरी करत होते. "रहने दे ना, फालतू मेहनत कशाला?" असा दारातूनच एक सल्ला देऊन ते बहिणीला आणायला नानाखेड्याच्या बस-अड्ड्यावर गेले.

भिंतीला आदल्या दिवशीच फिका पिवळा रंग मारून झाला होता. उषाने कोपरा रिकामा करून लख्ख पुसला, वेताची खुर्ची मांडली, जुन्या माहेश्वरी साडीचा पडदा लावला. मग ऊन डोळ्यांवर येतंय का, एवढंच बघायला ती खुर्चीत टेकली.

ऊन डोळ्यांवर येत नव्हतं. पडद्यातून गाळून ते मांडीवर पडत होतं, कोमट. उषाला एकाएकी अपर्णाचा हेवा वाटला. या वयातही तिला जायला माहेर होतं. उषाचं खंडव्याचं घर आई गेल्यावर विकलं गेलं. भाऊ बेंगळुरूहून फोनवर "ये गं कधीतरी" म्हणतो, पण कधीतरी नावाची तिथी पंचांगात नसते. आजवर इतक्या जणांना ताटं वाढली, पण आपल्याला कुणी "बस जरा" म्हणेल असं ठिकाण कुठेच उरलं नाही, हे तिला त्या खुर्चीत नीट कळलं आणि फार वाईट वाटलं. दुसरीच्या माहेरपणावर डोळा ठेवल्याची लाजही वाटली. उठायला हवं होतं, कुकर लावायचा होता.

ऊन काही सोडेना. खोली लांबत लांबत गेली आणि खिडकीबाहेर खंडव्याचं अंगण आलं. आई मेथी निवडत होती. तिने वर न बघताच थोडं सरकून जागा केली. उषा तिच्या मांडीशी जाऊन पडली. पायांवर कुणीतरी शाल घातली. आल्याचा वास आला. आई तर चहात कधी आलं घालत नसे, असं वाटून उषाने डोळे उघडले.

समोर अपर्णा, हातात कप. बॅग अजून दारातच होती.

उषा धडपडत उठू लागली. "अगं, तुझ्यासाठीच मांडलीय ही. मी नुसती बघत होते. कुकर राहिलाय..."

"बैठी रहो, वहिनी." अपर्णाने तिला खांदा धरून खाली बसवलं. "कुकर मी लावलाय. दादा भाजी चिरतोय, वाकडीतिकडी का होईना." ती समोर पलंगाच्या कडेला बसली. "झोपेत आईला हाक मारलीस तू."

उषाने पायांवरची शाल सारखी केली. मग माहेरवाशिणीला विचारतात तसं तिने विचारलं, "किती दिवस राहणार आहेस?"

उषाचे डोळे भरून आले. भाजीत मीठ किती घालायचं, मिठाचा डबा श्रीधरना सापडेल का, असं बरंच काही ओठांवर आलं होतं.

"आठ-दहा दिवस राहीन म्हणते," ती म्हणाली, आणि तिने कप घेतला.