देवाचे डोळे

“हात कापतोय बघ तिचा,” मागून कोणीतरी म्हणालं.

लंकाबाईचा हात कापत होता हे खरंच होतं. सकाळपासून पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं आणि अख्खी वाडी देवळात लोटली होती. एवढी माणसं एरवी जत्रेलाही येत नाहीत. तिनं भैरोबापुढच्या ताटातलं बेलाचं पान उचललं, त्यावर चिमूटभर भंडारा घेतला आणि कपाळाला लावला.

“देवाचं डोळं म्या घेतलं असतील, तर सव्वा म्हैन्यात माझं वाटोळं व्हईल. देवा, तुला ठावं हाय.”

पौषातल्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी भैरोबाचे चांदीचे डोळे नाहीसे झाले होते. देवळाची किल्ली दोघांकडेच. एक पूजा करणारा जानकू गुरव आणि दुसरी वीस वर्षं झाडलोट करणारी लंकाबाई. मढच्या पोलिसांत कशाला जायचं, देवाचं देवच बघंल, असं वाडीनं ठरवलं. जानकूनंही बेलभंडारा उचलला. त्याचा हात कापला नाही. जन्मभर ताट धरलेला हात तो.

लंकाबाईला काळजी नव्हती. रोज पहाटे गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभं राहून आधी देवाच्या डोळ्याला डोळा द्यायचा, मग केरसुणी हातात घ्यायची, हा तिचा नेम होता. आता डोळ्यांच्या जागी नुसता शेंदूर होता, तरी ती तिथंच बघायची.

अठ्ठाविसाव्या दिवशी तिचा सुभाष टोमॅटोच्या पिकअपमधून ओतूरला निघाला. वळणावर गाडी उलटली. आत पाच जण होते. चौघांना नुसतं खरचटलं.

नवऱ्यामागं एकटीनं वाढवलेला एकुलता एक मुलगा. पण वाडीनं आधी दिवस मोजले. सव्वा महिना व्हायला अजून दहा दिवस होते, म्हणजे देवानं जरा घाईच केली म्हणायची! मातीला आलेली निम्मी माणसं दहाव्याला फिरकली नाहीत. सुतक फिटलं तसा दादाभाऊ दारात आला. देवळाचा कारभार त्याच्याकडं होता.

“किल्ली द्या, मावशी. मी नाय म्हणत, गाव म्हणतंय.”

तिनं कनवटीची किल्ली काढून दिली. “देवळाचा वटा तरी झाडू द्या, भाऊ. भायेरनं.”

“झाडा,” तो म्हणाला आणि पाणीही न पिता गेला.

गावाचं एक वेळ सोसलं असतं. सून सोनल घरात होती, तिचं सोसवेना. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता सोनल थांबली.

“आत्या, खरं सांगा. घेतलं व्हतं का तुमी?”

“न्हाई गं, बाई.”

“मग ह्यांना का नेलं देवानं?”

“त्याच्या मनात काय तरी असंल.”

“काय असंल? सांगा की, काय असंल?”

लंकाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. दुसऱ्या दिवसापासून सोनलनं चूल वेगळी मांडली. सासूच्या हातचं पाणीही ती घेईना. त्या रागात लंकाबाईनं एकदा ओटा झाडता झाडता केरसुणी देवळाच्या दारावर भिरकावली. खूप रडली. मग आपणच जाऊन ती उचलून आणली, कारण अर्धा ओटा राहिला होता.

वैशाखात ऊन असं तापलं की भैरोबाचं शेंदराचं कवच सुटलं. पहाटे जानकू पूजेला गेला तर समोर काळा दगड आणि पायाशी हातभर खपली. ती उचलायला गेला तर हातातच दुभंगली. आत चार बोटं शेंदराखाली चांदीचे दोन्ही डोळे होते.

जानकूला मोतीबिंदू झालेला. कोणाला सांगितलं तर पूजा जाईल म्हणून त्यानं तो लपवला होता. अमावास्येला शेंदूर चढवताना त्यानं देवाचे डोळेच लिंपून टाकले आणि पुढच्या प्रत्येक अमावास्येला वर नवा थर दिला. देवाला खरवडून बघायचं कोणाच्या मनात येणार?

दोघांचाही बेलभंडारा खरा होता.

सगळी वाडी लंकाबाईच्या अंगणात आली. दादाभाऊनं नारळ आणि किल्ली तिच्या पुढ्यात ठेवली. जानकू तिच्या पाया पडला. तो तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, तिनं पाय मागं घेतले.

“चुकलं गावाचं, मावशी,” दादाभाऊ म्हणाला. “देवानं तुमचं खरं केलं.”

“मग ह्यांना कशापायी नेलं?” सोनल दारातून म्हणाली.

तीन महिने या प्रश्नाचं उत्तर वाडीत प्रत्येकाला तोंडपाठ होतं. आता सगळे खाली बघू लागले.

“सांगा ना कुणीतरी!”

“मला न्हाई ठावं, सोनल,” लंकाबाई म्हणाली. “त्याला ठावं असंल, येवढ्यावर मी रोज सकाळची उठती. न्हाईतर उठवलं नसतं गं मला.”

सोनल तिथंच उंबऱ्यावर बसली. लंकाबाईनं किल्ली कनवटीला खोचली, केरसुणी घेतली आणि ती निघाली.

देवळात कोणी नव्हतं. धुतलेले डोळे दगडावर पुन्हा लाखेनं बसवले होते, लख्ख. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी ती उभी राहिली. आज तिनं देवाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. तशीच खाली वाकली आणि कोपरान् कोपरा झाडून काढला.